बाबली पाडेली रोज ‘तीन’ म्हणायचा

रोज दिवेलागणीच्या सुमारास, आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे फोन वाजायचा आणि बाबली पाडेली पडवीतल्या खाटेवर एका हातावर भार देत उठून बसायचा. केस सारखे करायचा. फोनवरच्या माणसाला आपले केस दिसत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, तरी करायचा. मग घसा खाकरून, ठेवणीतल्या मराठीत म्हणायचा, “तीन, ताई. आज तीन.”

फोनवरून रुग्णालयातली मुलगी काहीतरी गोड बोलायची. बाबली हसायचा, “नाही नाही, दुसरा काही त्रास नाही,” म्हणायचा आणि फोन ठेवायचा. त्यानंतर पुन्हा आडवं होताना त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो काही तीनाचा नव्हता.

मी दशावतारात जन्म काढला. स्त्रीपार्ट करायचो. राण्या झालो, ऋषिपत्न्या झालो, शाप मिळालेल्या अप्सरा झालो. देवळासमोरच्या त्या एकुलत्या बाकड्यावर बसून इतक्या वेळा रडलो, की खोटं कण्हणं कुठून निघतं ते मला पाठ आहे. ते गळ्यातून निघतं आणि सरळ प्रेक्षकांकडे जातं. खरं कण्हणं पोटातून येतं आणि माणूस ते दातांनी अडवू बघतो. बाबली अडवायचा. मी अलीकडे तुळशीपाशी उभा राहून ते ऐकायचो.

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. कट्टा गावाच्या आसपासच्या वाड्यांतले सगळे माड बाबलीनेच लहानाचे मोठे केल्यासारखे त्याच्याशी वागत. पायांत काथ्याचा फास, कमरेला मागे कोयता, आणि हा बघता बघता वर. वरून गाणं म्हणायचा. सूर बेताचा, पण उंचावरून येणारा कुठलाही आवाज खालच्या माणसाला गोड वाटतो. आमच्या गावात दशावतार असला की हा संध्याकाळीच शहाळी घेऊन हजर. आम्ही तोंडाला रंग लावत बसलेले असायचो. राजाला एक शहाळं द्यायचा, राणीला दोन. राजा चिडायचा. बाबली म्हणायचा, “राणयेचो आवाज बसलो तर तू कोणावांगडा भांडतलस?” असा प्रेक्षक आता मिळायचा नाही. कलावंताच्या घशाची काळजी करणारा.

दोन वर्षांपूर्वी तो माडाच्या अर्ध्यावरून खाली आला. खाली वाळक्या झावळ्यांचा, चुडतांचा ढीग होता म्हणून वाचला. हाडं जुळली, पण कमरेतून डाव्या पायात जी कळ उतरू लागली ती काही जाईना. मालवण झालं, कुडाळ झालं, तेल झालं, लेप झाला. जेवायला खाली मांडी घालता येईना म्हणून तो उभ्याने जेवू लागला. उभ्याने जेवणारा नवरा बघत सावित्रीलाही बसून जेवणं नको झालं. असं ते घर दोन वर्षं उभंच होतं.

तेव्हा डॉक्टर गौरजा आल्या. मूळच्या देवगडच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात कामाला. शाळेच्या वर्गात त्यांनी जुन्या कंबरदुखीची माणसं बोलावली होती. बाबलीला मीच रिक्षाने घेऊन गेलो. तिथे त्या नीट, घाई न करता बोलल्या.

“बाळंतपणात बाईच्या मेंदूतसून एक द्रव्य सुटता. बाळ दुधाक लागला काय परत सुटता. तेका ऑक्सिटोसिन म्हणतत. पुरुषांच्याय अंगात ता आसता. ह्या द्रव्यान दुखणा कमी होता काय, ता आमका बघूचा आसा. नाकात फवारूचा, दिवसातसून दोनदा.”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “बाबली, तुका दूद येतला रे!”

“येवंदे,” बाबली म्हणाला. “तुझ्या चायेक तरी उपयोगी पडात.”

वर्ग हसला, डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी पुढचं सांगितलं. अर्ध्या माणसांच्या बाटलीत ते द्रव्य असेल, अर्ध्यांच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. बाटल्या सारख्याच. कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला कळणार नाही, आणि त्यांना स्वतःलाही नाही. रोज संध्याकाळी प्राजक्ता नावाची परिचारिका फोन करील आणि विचारील, दुखणं किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त असू शकत नाही इतकं. खरा आकडा सांगायचा, बाकी काही करायचं नाही.

“तुमकाय म्हायती नाय?” बाबलीने विचारलं.

“माकाय नाय.”

“मगे कोणाक म्हायती?”

“मुंबैत एका कॉम्पुटराक.”

बाबलीने बराच विचार केला. म्हणाला, “म्हणजे देवाक.”

आता आमच्याकडे जे माणसाला ठाऊक नाही आणि देवाला ठाऊक आहे, ते देवाला विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. विहीर कुठे खणावी, मुलीला स्थळ सांगून आलंय ते घ्यावं का, सगळं विचारतात. ग्रामदेवतेच्या पाषाणावर गुरव ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. बाबलीने कौल लावला. दत्ताराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं. दत्तारामचा आवाज असा, की तो गुरव झाला नसता तर आमच्या कंपनीत राजा झाला असता.

“बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू बाबली, माडावरसून पडलो, दोन वर्सां कळ सोसता. आता शिकलेली माणसां नवीन औषधाचो शोध करतत. ह्येना त्या शोधात जावचा काय नाय, ता तू उजव्या-डाव्यान दाखय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

उजवी पाकळी अशी पडली, जशी कोणी बोटाने काढली असावी. सावित्रीने हात जोडले. देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत कोणीतरी म्हणालं, “गेला, बाबलीचा दुखणा गेला!” दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तीच बातमी झाली, की देवाने बाबलीला बरं करण्याचा शब्द दिला. मीही ती आनंदाने चार जणांना सांगितली.

पहिले काही दिवस बाबलीने नियमाने फवारा घेतला आणि आठ सांगितलं. मग सात. मग सहा. गावात प्रत्येक आकडा कळायचा, कारण बाबली फोनवर बोलताना पलीकडचं माणूस लांब आहे म्हणून मोठ्याने बोलायचा. पाच झाले त्या दिवशी टपरीवाल्याने त्याच्या घरी भजी पाठवली. आणि मग आले तीन. तीनावर गाडी थांबली.

माझ्या काळजीची गाडी मात्र तिथून सुटली. कारण आकडा उतरत होता आणि बाबली उतरत्या आकड्याबरोबर वाकत होता.

एका सकाळी तो माझ्याकडे आला. कुंपणाच्या बेड्यातून आत आला तो डावा पाय फरपटत. त्या पायात चप्पल नव्हती.

“बाबली, डाव्या पायाची चप्पल खंय?”

त्याने खाली बघितलं. मागे बघितलं. चप्पल वाटेवर उलटी पडली होती.

“सुटली वाटता.”

“तुका कळूक नाय?”

“चप्पल ती, भाई. ती काय हाक मारतली?”

हसला. मीही हसलो. पण त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागलं नाही. पायातून चप्पल गेल्याचं ज्याला कळत नाही, त्याला त्या पायात आणखी काय काय कळत नसेल? मी सावित्रीजवळ विषय काढला. ती काजू फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “भाई, देवान उजवो दिल्यान हा. तुमी वंगाळ बोला नको.” पण तिचा हात थांबला होता. जरा वेळाने आपणहून म्हणाली, “मागीलदारी जातत ते खूप वेळ उभे ऱ्हवतत. इचारलंय तर माझ्यावर वराडतत.”

बाईमाणसाने शेजारच्या पुरुषाला याहून जास्त काय सांगायचं? मला समजलं. त्याची लघवी अडत होती.

त्यानंतर दोनेक दिवसांतच तिने गडग्यावरून मला हाक मारली. अशी हाक मी रंगमंचावर पुष्कळदा मारली आहे. कोणी मला मारली नव्हती. धावत गेलो. बाबली खाटेवर बसला होता आणि सावित्री त्याचा डावा तळवा दोन्ही हातांत धरून बघत होती. तळव्यावर रुपयाएवढा फोड. न्हाणीच्या चुलीतला निखारा बाहेर पडला होता, त्यावर हा उभा राहून पाणी काढत होता. कातडी जळल्याचा वास सावित्रीला आला, त्याला काही नाही.

“काल फोनार किती सांगलंस?” मी विचारलं.

“तीन.”

“आज किती सांगतलस?”

“तीनच.”

“मेल्या, पायाचो कोळसो झालो तरी तीन?”

“पाय खंय दुखता? ते इचारतत कमरेचा.”

“मगे कमरेचा सांग. माका सांग.”

तो सावित्रीकडे बघेना. मग म्हणाला, “आठ. कधी कधी नऊ.”

“आणि ता तिका कित्याक सांगणस नाय?”

“भाई, ती पोर रोज इचारता. इतक्या मायेन माका कोण इचारता? पयल्या दिवसा आठ सांगलंय, तिचो आवाज पडलो. मगे एक दिवस सात सांगलंय, तर म्हणाली, ‘अरे वा, काका!’ तिका इतक्या बरा वाटला. मगे मी उतरत गेलंय.”

“मगे तीनार कशाक थांबलंस? शून्यार जावचा होता!”

“खोट्याक काय तरी मर्यादा व्हयी मा?”

मला हसू यावं की रडू, ते समजेना. सावित्रीला मात्र दोन्ही आलं नाही. ती नुसती त्याच्या पायाकडे बघत होती. मग बाबली हळू आवाजात बोलला, आणि खरी गोष्ट तेव्हा बाहेर आली.

“ता एक झाला. पण देवाचा काय? सगळ्या गावासमोर देवान उजवो दिल्यान. आता मी गुण नाय म्हटलंय तर देव खोटो पडतलो. माका दुखता ता दुखांदे. देवाक खोटो पाडून मी खंय जाव?”

आयुष्यभर पुठ्ठ्याचे मुकुट घातलेल्या देवांसमोर नाचलो असलो, तरी खेळाआधी त्या मुकुटांच्या पाया पडलेला माणूस आहे मी. डॉक्टरांना परस्पर फोन करावा असं मनात आलं. नंबर सावित्रीकडे होता. पण बाबलीच्या तोंडाने जे निघत नाही ते मी बोललो, आणि त्यांनी त्याला विचारलं, तर तो पुन्हा केस सारखे करून तीन म्हणेल. आणि त्याचंच खरं धरावं लागेल. मी काठी घेतली आणि देवळात गेलो.

दत्ताराम समया घासत होता. मी सगळं सांगितलं. त्याने हात पुसले, तसाच ओल्या पंच्यावर माझ्याबरोबर निघाला. वाटेत म्हणाला, “भाई, तुमी आवाज चढवा नको. आज माझी पाळी.”

बाबलीने गुरवाला दारात बघितलं आणि उठू लागला.

“बस. माका सांग, मी त्या दिवसा देवाक काय इचारलं?”

“मी बरो होतलंय काय, ता.”

“नाय. परत आठव.”

बाबली सावित्रीकडे बघू लागला. सावित्री माझ्याकडे.

“माझा गाऱ्हाणा माका पाठ आसा,” दत्ताराम म्हणाला. “‘ह्येना त्या शोधात जावचा काय नाय.’ इतक्याच इचारलं. देव म्हणालो, जा. तुका बरो करतंय म्हणून देव बोलूकच नाय. ता तुमी चायच्या टपरीर ठरवलास. ह्या भाईनसुद्धा.”

मी खाली बघितलं.

“शोध म्हणजे काय रे? औषध लागू पडता काय नाय, ता इचारतत. कोणाक इचारतत? तुका. म्हणजे देवान तुका थंय साक्षीक धाडल्यान. साक्षीक उभो ऱ्हवान तू खोटा सांगतस. आता बोल, देवाक खोटो कोण पाडता?”

बाबलीने तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत राहिला. बाहेर उजेड कमी होऊ लागला. कोणी दिवाही लावला नाही. आम्ही तिघेही त्या फोनची वाट बघत होतो, आणि मला तर असं वाटत होतं की आज नेमका तो येणार नाही.

आला. ह्या वेळी बाबलीचा हात केसांकडे गेला नाही.

“ताई,” तो म्हणाला. थांबला. “नऊ.”

मग त्याचं ठेवणीतलं मराठी सुटलं आणि मालवणी धडाधड आली. “रोज आठ-नऊच होता गो पोरी. मी तुका खोटा सांगलंय. आनी डावो पाय माझो मेलो. निखाऱ्यार उभो ऱ्हवलंय, कळूक नाय. आनी... सकाळपासून माका... बायेक काय सांगू?” त्याने फोन माझ्या हातात कोंबला.

मी सांगितलं. म्हाताऱ्याला लाज कसली. सकाळपासून त्याला लघवी झालेली नाही. प्राजक्ताचा आवाज एकदम बदलला. गोडवा गेला, नुसतं काम उरलं. “आजोबा, त्यांना चालवू नका. उद्या नाही, आत्ता. मी मॅडमना सांगून रुग्णवाहिका पाठवते.”

रुग्णालयात डॉक्टर गौरजांनी त्याला तपासलं आणि बाहेर येऊन आम्हाला बाकावर बसवलं. कण्यातली एक चकती सरकून शिरांवर बसली आहे, म्हणाल्या. पायाच्या आणि लघवीच्या शिरा तिच्याखाली दबल्या आहेत. गोव्याला पाठवून लगेच शस्त्रक्रिया. जितका उशीर, तितका पाय परत येण्याची शक्यता कमी. उशीर किती झाला, हे त्या बोलल्या नाहीत. सावित्रीने विचारलंही नाही.

स्ट्रेचरवरून बाबलीने त्यांचा हात धरला. “बाई, माझ्या खोट्या आकड्यांचा काय करतलास?”

“ते तसेच ऱ्हवतले. पुसूचे नसतत. बाजूक लिवतलंय, हे खरे नाय म्हणून.” त्यांचा चेहरा उतरला होता. रागही होता, पण तो नुसता बाबलीवर नव्हता. “काका, तुमी बरे आसास असा ऐकान खूश होवक आमी फोन करूक नाय. औषध उपयोगाचा नसला तर ताय आमका कळूक व्हया.”

“माझ्या बाटलयेत औषध होता काय मिठाचा पाणी?”

“माका म्हायती नाय. शस्त्रक्रियेक ता कळूची गरज नाय, म्हणान मी मुंबैक इचारून बघूचंय नाय.”

गाडी सुटली तेव्हा मी मागे बघितलं. त्या आणि प्राजक्ता दोघी फोन घेऊन बसल्या होत्या. फवारा घेणाऱ्या बाकीच्या सगळ्यांना नव्याने विचारत होत्या. बाबलीसारखे तीन म्हणणारे आणखी किती असतील, ही काळजी आता त्यांची झाली होती.

गोव्यात शस्त्रक्रिया झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, दाब काढला, आता शिरा काय करतात ते बघायचं. सावित्री रोज बाबलीला विचारायची, पायात काही कळतं का? तो म्हणायचा, “कळता, कळता.” ती खूश व्हायची. मी होत नव्हतो. ज्याने एका परक्या मुलीचा आवाज पडू नये म्हणून आठाचे तीन केले, तो बायकोसाठी काय करणार नाही? त्याचं ‘कळता’ गळ्यातून येतंय की पोटातून, ते पन्नास वर्षं नाटकात मुरलेल्या माझ्या कानांनाही ओळखता येईना. याची मला फार भीती वाटली.

रविवारी डॉक्टर गौरजा आणि प्राजक्ता त्याला बघायला आल्या. गौरजांनी पर्समधून कापसाचा बोळा काढला, चादर बाजूला केली.

“काका, डोळे मिटा. मी हात लावतलंय. कळला तर व्हय म्हणा.”

सावित्री पायथ्याशी उभी राहिली. बाईंनी गुडघ्याखाली कापूस लावला.

“व्हय.”

घोट्याशी लावला.

“व्हय.”

मग त्यांनी हात वर उचलला आणि कुठेच लावला नाही. “आता?”

बाबलीच्या ओठांची हालचाल झाली. समोर चार माणसं आशेने उभी आहेत, हे मिटल्या डोळ्यांनीही त्याला दिसत होतं. त्याच्या गळ्यात तो ‘व्हय’ येऊन बसलेला मला दिसला, नुसता बाहेर पडायचा बाकी.

“नाय,” तो म्हणाला. “आता काय लागूक नाय.”

बाईंनी अंगठ्याला कापूस लावला. “हंय काय तरी आसा. मुंगी चलतासारख्या.”

करंगळीला लावला.

“नाय.”

पुन्हा करंगळीला.

“नाय, बाई. थंय काय नाय.”

सावित्रीने पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊ लागली. मी तिचा खांदा धरला. “रडा नको गो,” मी म्हटलं. “करंगळीक नाय म्हणता, म्हणजे अंगठ्याची मुंगी खरी आसा.” तिला ते समजायला वेळ लागला. प्राजक्ता मात्र आधीच तोंड फिरवून खिडकीकडे गेली होती.

बाबलीने डोळे उघडले नव्हते.

“बाई,” तो म्हणाला, “अंगठ्यार परत एकदा लावा बघया. आनी सांगा नको, कधी लावतास ता.”